भिंतीवरचे नाव



धानाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की लाखांदुरात दुपारी एक निराळीच शांतता उतरते. शेतातले काम थोडे थांबलेले असते आणि कापणीला अजून अवकाश असतो. अशाच एका दुपारी डब्लिनहून माझ्या भाचीचा फोन आला. ती आणि आमचे जावई नोकरीच्या निमित्ताने काही वर्षांपासून तेथे राहतात. खुशालीचे बोलणे झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुझं पुण्याला येणं-जाणं असतं ना? एक काम करशील? शेजारच्या आजींचे मोठे काका तुमच्याकडे आहेत."

"आमच्याकडे म्हणजे?"

"पुण्यात. शंभर वर्षांपासून."

शेजारच्या त्या आयरिश आजींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्या वडिलांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले, हिंदुस्थानात आले आणि तेथेच वारले, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. त्यांचे छायाचित्र नव्हते, पत्रही नव्हते. बिस्किटांच्या जुन्या डब्यात पितळी रंगाची एक जड चकती तेवढी होती. शेजारीण मराठी मुलूखातली आहे हे कळल्यावर आजींनी ती चकती भाचीपुढे ठेवली आणि विचारले, "तुझ्या माणसांना त्याचं थडगं शोधता येईल का?"

ही चकती म्हणजे काय, ते पुढे कळले. त्या युद्धात मरण पावलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारने काशाची अशी स्मृतिचकती पाठवली होती. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या घडवल्या गेल्या. लोकांनी त्यांना कडवट विनोदाने 'मेलेल्याचा पैसा' असे नाव दिले. तिच्यावर केवळ मृताचे नाव असते. हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही. मरणात सर्व समान, हा त्यामागचा विचार. विचार उदात्त खरा. पण शोधणाऱ्याची त्याने पंचाईत होते. कारण आजींच्या काकांचे नाव आयर्लंडमध्ये आपल्या रामचंद्र किंवा गणपतइतके सर्रास आढळणारे. त्या नावाचे कितीतरी शिपाई युद्धात गेलेले. यातला आपला कोणता?

वाट दाखवली ती एका पदकाने. आजींच्या चुलत बहिणीच्या घरी जुन्या सामानात ते सापडले. या पदकांच्या कडेवर अगदी बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भाचीने भिंग घेऊन ती अक्षरे वाचली: एक क्रमांक, आडनाव आणि तोफखान्याची आद्याक्षरे. नावे सारखी असतात. क्रमांक आणि पलटण यांची जोडी मात्र माणसागणिक वेगळी असते. ती हाती आल्यावर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत आजींचे काका मिळायला दहा मिनिटेही लागली नाहीत. मृत्यूचे वर्ष १९१७, वय २२. खाली लिहिले होते: खडकी, १९१४-१९१८ स्मारक.

एका नातलगाच्या लग्नासाठी मला पुण्याला जायचेच होते. वडशाहून गाडी धरली. लग्न पार पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडकीला मुळा रोडवरच्या युद्धस्मशानभूमीत गेले. ओळीने मांडलेल्या शिळा, कापलेले गवत, झाडांची सावली आणि बाहेरच्या वाहतुकीचा दुरून येणारा आवाज. येथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जणांना विश्रांती मिळालेली आहे. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात ज्या थडग्यांची कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, तेथून हे देह येथे आणले गेले. मी शिळांवरची नावे आणि वये वाचत पुढे जात होते. एकोणीस. एकवीस. चोवीस. माझ्या मनात आले, ही तर काल मांडवात नाचणाऱ्या मुलांची वये आहेत.

पण आजींच्या काकांचा मृत्यू पहिल्या महायुद्धातला. त्यांचे नाव शिळेवर नव्हते. ते स्मारकाच्या भिंतीवर होते. आणि येथेच या शोधातली पहिली महत्त्वाची गोष्ट मला उमगली. भिंतीवर नाव आहे म्हणून देह तेथे असतोच असे नाही. खडकीच्या या स्मारकावर १,८०० हून अधिक जणांची नावे आहेत. ते देशाच्या निरनिराळ्या छावण्यांत वारले, त्या त्या ठिकाणच्या दफनभूमीत पुरले गेले, आणि पुढे त्या थडग्यांची निगा राखणे शक्य उरले नाही. म्हणून सर्वांची नावे एकत्र करून येथे कोरली गेली. शंभर वर्षे ज्या घराने 'आपला मुलगा पुण्यात आहे' असे मानले, त्याचा मुलगा पुण्यात नव्हताच. पुण्यात केवळ त्याचे नाव होते.

देह होता नाशिककडच्या एका जुन्या छावणीच्या दफनभूमीत. तो मुलगा लढाईत पडलेला नव्हता. तापाने गेला होता. तिकडच्या एका परिचितांना विनंती केली. त्यांनी दोन वेळा जाऊन पाहिले. वाढलेले रान, खचलेले ओटे, अर्ध्यावर तुटलेले काही दगड. हे नाव कोठेही सापडले नाही. ही हकिगत भाचीला कशी सांगावी, या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी फोन केला. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आजींचा निरोप भाचीने मराठीत सांगितला: "त्या म्हणतात, थडगं नाही तर नाही. पण मावशींनी त्या भिंतीपाशी त्याचं नाव मोठ्यानं वाचलं होतं का?"

मी वाचले नव्हते. मनातल्या मनात वाचून छायाचित्र काढून परत आले होते. पुढच्या खेपेला पुण्यास गेले तेव्हा पुन्हा खडकीला गेले आणि त्या भिंतीसमोर उभी राहून ते परके नाव, जमेल तसे, मोठ्याने उच्चारले. पलीकडे फोनवर आजी ऐकत होत्या. त्या घरातल्या कोणीतरी त्या मुलाला मारलेली ती बहुधा शंभर वर्षांतली पहिली हाक असावी.

वाचकहो, थडगे सापडले नाही. पण शोध वाया गेला नाही. कारण शोधता शोधता त्या घराला आपले घरच सापडले.

आयर्लंडमधील १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांची मूळ पत्रके तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांसाठी खुली केली आहेत. प्रत्येक घराचे पत्रक घरच्या कर्त्याने भरायचे असे. १९११ च्या पत्रकात विवाहित स्त्रीला एक वेगळा प्रश्न होता: लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली आणि त्यांतली हयात किती? आजींच्या आजीच्या नावापुढे लिहिले होते: वर्षे सतरा, मुले आठ, हयात सहा. त्या सहांपैकी थोरला सोळा वर्षांचा, शेतावर मजुरी करणारा. सर्वांत धाकटा म्हणजे आजींचे वडील. आपल्या आजीची दोन मुले लहानपणीच गेली होती, हे आजींना वयाच्या ऐंशीनंतर कळले. आणि सहा वर्षांनी तिच्या दारी तिसऱ्याच्या मृत्यूची बातमी गेली.

प्रत्येक शिपायाजवळ वेतनाची एक लहान पुस्तिका असे आणि तिच्यात मृत्युपत्रासाठी एक पान. आयरिश शिपायांची अशी सुमारे नऊ हजार मृत्युपत्रे त्याच अभिलेखागारात जपलेली आहेत. 'माझे जे काही असेल ते माझ्या आईला द्यावे', अशा अर्थाचीच ओळ त्यांतल्या अनेकांत आढळते. आजींच्या काकांचे पान मात्र मिळाले नाही. सगळेच कागद टिकतात असे नाही. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या अभिलेखागाराची इमारत जळाली आणि शतकानुशतकांचे दस्तऐवज तिच्यासह गेले. लंडनमध्ये १९४० च्या बॉम्बवर्षावात पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या सेवापत्रिकांपैकी निम्म्याहून अधिक नष्ट झाल्या. तरीही एका ठिकाणचे जळाले तर दुसऱ्या ठिकाणचे उरले, म्हणून शोध पुढे सरकू शकला.

मग मनात प्रश्न येतो की, त्या घराने इतकी वर्षे विचारले का नाही? याचे उत्तर कागदांत नसून इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे दोन लाख आयरिश तरुण ब्रिटिश सैन्यातून लढले. ते परदेशी असतानाच, १९१६ मध्ये, डब्लिनमध्ये त्याच ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. पुढे देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यासाठी लढलेले ते वीर. मग राजाच्या फौजेत गेलेले कोण? त्यांच्याविषयी बोलणे अवघड झाले. पदके पेटीच्या तळाशी गेली. आजींच्या घरातली चकती बिस्किटांच्या डब्यात गेली, ती याचमुळे.

डब्लिनमध्ये त्यांच्यासाठी एक स्मृतिउद्यान आहे. तेथे आठ ग्रंथांत ४९ हजारांहून अधिक मृतांची नावे छापून ठेवली आहेत. हे उद्यान १९३० च्या दशकात उभे राहिले. पण त्याचा विधिवत समर्पण सोहळा व्हायला १९८८ साल उजाडले. मधल्या काळात तेथे गवत माजले होते. १९९८ मध्ये बेल्जियममधील मेसिन येथे आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअ‍ॅलीस आणि ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ एकत्र उभ्या राहिल्या आणि आयरिश मृतांचे एक स्मारक खुले झाले. त्यानंतर घराघरांतले डबे उघडू लागले.

या उद्यानाचा वास्तुशिल्पी कोण असेल? एडविन लट्येन्स. आपल्या दिल्लीचे इंडिया गेट उभारणारे तेच. इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात आहे? आपण तेथे जातो, छायाचित्रे काढतो, मुलांना आइस्क्रीम घेऊन देतो आणि परततो. त्या दगडावरची अक्षरे वाचायला आपण थांबत नाही. मीही कधी थांबले नव्हते.

आणि मग तो प्रश्न आला. आजींनी भाचीमार्फत मला विचारले: "तुमच्या गावातून कोणी गेलं होतं का?"

मला उत्तर देता आले नाही. लाखांदुरात माझे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले. कोणाच्या शेतातून कोणाचे पाणी वाहते, कोणत्या मामा तलावाची पाळ कोणत्या साली फुटली, हे मी सांगू शकते. पण या परिसरातून महायुद्धात कोण गेले, कोण परतले आणि कोण परतले नाही, हे मला ठाऊक नव्हते. परक्या मुलाचा क्रमांक मला तोंडपाठ होता आणि माझ्या गावच्या मुलाचे नावदेखील माहीत नव्हते.

आपल्याकडून गेलेले थोडे नव्हते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्याचे सुमारे ७४ हजार जण मरण पावले. इराकमधील कुत येथे १९१६ च्या एप्रिलमध्ये जी फौज शत्रूच्या हाती लागली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांना सोडवायला निघालेल्या सैन्यात कॉनॉट रेंजर्स ही आयरिश पलटण होती. आजींच्या देशातली मुले आणि आपल्या देशातली मुले एकाच वाळवंटात, एकाच राजासाठी झुंजत होती आणि मरत होती. मेल्यानंतर मात्र त्यांचे मार्ग वेगळे झाले. बसरा येथील स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. ब्रिटिश सैन्यातील साध्या शिपायाचेही नाव त्यावर आहे. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदुस्थानी साध्या शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या कोरली गेली. युद्धसमाधी आयोगानेच २०२१ च्या आपल्या अहवालात हा अन्याय मान्य केला. किमान १ लाख १६ हजार मृतांचे, आणि कदाचित त्याहूनही कितीतरी अधिकांचे, नावाने स्मरण झालेच नाही, असे त्या अहवालात नमूद आहे. त्यांत हिंदुस्थानी, आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसे होती.

आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपण देह अग्नीला देतो. थडगे मागे राहत नाही. म्हणजे आपल्याकडे मागे उरते ते नावच. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या रुग्णालयांत वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना जवळच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. त्या जागी १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली; तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुशिल्पीने केला होता. छत्री सुंदर होती, पण तिच्यावर नावे नव्हती. ५३ जणांची नावे दगडात कोरून तेथे लागली ती २०१० मध्ये. ब्रह्मदेशात दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या सुमारे २७ हजार जणांची नावे यांगूनजवळच्या टाउकजान येथील स्मारकावर आहेत. आणि ज्यांना धर्मानुसार अग्नी दिला गेला अशा हजाराहून अधिक जणांसाठी तेथे वेगळे स्मारक आहे. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४२ मध्ये आपल्या शेजारच्या कामठीतच उभी राहिली आणि पुढे ब्रह्मदेशच्या मोहिमेवर गेली. आपल्या भागातील घरांना ही भिंत दूरची वाटण्याचे कारण नाही.

ज्याचे थडगे सापडत नाही पण नाव टिकले, असा एक मराठी मुलगा म्हणजे यशवंत घाडगे. रायगडमधील माणगाव तालुक्यातला, मराठा लाइट इन्फंट्रीतला नाईक. इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे थडगे कोठे आहे ते ज्ञात नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव आहे, माणगावात पुतळा आहे. आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्याच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन तेथे आहे. ज्या मातीत परदेशी फौजा लढून गेल्या, त्या मातीतल्या माणसांनी एका मराठी मुलाला असे आपले म्हटले. पण त्याला मोठे पदक मिळाले म्हणून हे झाले. ज्यांना पदक नव्हते, त्यांचे नाव सांगायला घरातल्या माणसांशिवाय कोण आहे?

काही वाचक म्हणतील, जीवमात्रावर दया करायला शिकवणाऱ्या घरात युद्धाची ही आठवण कशाला? हा प्रश्न मलाही पडला होता. खडकीच्या त्या शिळांमधून चालताना त्याचे उत्तर मिळाले. बाविसाव्या वर्षी परमुलखात तापाने तडफडत गेलेल्या मुलाचे नाव वाचले की युद्धाचा अभिमान वाटत नाही. युद्धाची किंमत कळते. संख्या वाचून ती कळत नाही. 'मुले आठ, हयात सहा' असे लिहिलेल्या आईच्या पत्रकावरून कळते.

या महिन्यात आपल्या घरासाठी एक तास काढा, एवढीच माझी विनंती. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा. त्यांच्या आजोबा-पणजोबांची, आणि तितक्याच आग्रहाने आजी-पणजींची, नावे विचारा. पणजीचे माहेरचे गाव विचारा; बहुतेक घरांत तेच आधी विसरले जाते. कोणी घर सोडून गेले आणि परतले नाही का, हे विचारा. मग ते सैन्यात गेलेले असोत, बोटीवर की गिरणीत. जुने पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा. निवृत्तिवेतनाचा पिवळा पडलेला कागद असेल तर तो टाकू नका. त्यावरचा क्रमांक उतरवून ठेवा. शोधताना जुनी नावे ध्यानात असू द्या: आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, रायगड हा कुलाबा होता, आणि इंग्रजी कागदांत मराठी आडनावे ऐकू येतील तशी लिहिलेली आहेत. एका स्पेलिंगने सापडले नाही तर चार स्पेलिंगनी पाहावे. आणि सापडले ते तारखेसह, कोणाकडून ऐकले त्याच्या नावासह लिहून ठेवावे. ऐकीव आणि लेखी यांची गल्लत करू नये. आजींचे घर शंभर वर्षे त्याच गल्लतीत राहिले.

मी माझ्यापासून सुरुवात केली आहे. दुकानाच्या जुन्या वह्यांतली एक कोरी वही घेतली. आमच्या घराच्या सात पिढ्या लिहायच्या म्हणून बसले, तर चौथ्या पिढीतच लेखणी थांबली. पणजीचे नाव कोणालाच सांगता येईना. शेवटी वडशाच्या एका आत्याबाईंना फोन केला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि नाव सांगितले. मी ते लिहिले, आणि मग घरात कोणी नाही असे पाहून मोठ्याने वाचले.

डब्लिनच्या आजींनी आपली चकती आता डब्यातून काढून दिवाणखान्यात भिंतीवर लावली आहे. भाची सांगत होती, तिच्याखाली एका कागदावर देवनागरीत तीन अक्षरे लिहून घेतली आहेत: 'खडकी'.